आधी गार, मग ऊन

आमच्याकडे आंघोळीचं पाणी काढताना आधी कढत पाणी बादलीत घेतात आणि मग त्यात गार मिसळतात. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. हे कुणी शिकवत नाही, पाहून पाहून हाताला येतं. उलटं फक्त एकदाच करायचं असतं. घरात माणूस गेलं, की त्याच्या शेवटच्या आंघोळीला आधी गार घेतात आणि त्यावर ऊन ओततात. म्हणून लहानपणी माझ्या हातून चुकून उलटं झालं, की आई सगळी बादली मोरीत लवंडायची आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी काढायला लावायची. रागवायची नाही. नुसती लवंडायची.

लग्न होऊन मी खुटबावहून भीमेच्या अलीकडे, मांडवगण फराट्याला आले. आमच्या वस्तीपासून नदीकडे गेलं, की पूर्वी बापूसाहेबांचा ऊस लागायचा. आता तिथं ‘लुत्रा’ आहे. लुत्रा म्हणजे ग्रीक भाषेत न्हाणीघर, असं रिसॉर्टच्या फाटकावरच लिहिलंय. गावातली माणसं त्याला लुटारा म्हणतात. ज्यांची जमीन, ते बापूसाहेबच चहाच्या टपरीवर सांगायचे, की जलपर्णीमुळं आमच्या म्हशी ज्या नदीत पाय घालीनात, तिचंच पाणी गाळून, तापवून ह्या पुण्याच्या लोकांच्या डोक्यावर घालायचं, आन् वर त्यांनीच थँक्यू म्हणायचं.

ते डोक्यावर पाणी घालायचं काम माझं होतं.

आम्हाला शिकवायला करिश्मा मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण दोन वर्षं परदेशात राहून आलेल्या. त्यांनी सांगितलं, की जुन्या काळी ग्रीक गावांत गोल न्हाणीघरं असायची. भिंतीला लागून बसायचे टब, वर घुमट, घुमटाला मधोमध एक भोक. माणूस टबात भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मागून न्हाणीवाला त्याच्यावर कळशीनं पाणी घालायचा. लुत्रातला हॉल अगदी तसाच बांधला होता. आधी अंगाला तेल चोळायचं, मग वाकड्या पितळी पट्टीनं ते निपटून काढायचं, मग पाणी. ती पट्टी पहिल्यांदा बघितल्यावर माझ्याबरोबरची नकुशी म्हणाली होती, हे तर काहिलीतला गूळ खरवडायचं काम. दोघी इतक्या हसलो, की मॅडमनी आम्हाला बाहेर काढलं.

मॅडम बोलायच्या छान. एकदा तेल गरम होईपर्यंत त्यांनी सहज सांगितलं, की त्या लोकांतही घरात कुणी मेलं तर घरच्या बायकाच त्याला आंघोळ घालायच्या, तेल लावायच्या. त्याशिवाय माणूस पुढे जायला मोकळा होत नाही, असं समजायचे. मी तेलाचं भांडं हलवत राहिले. मला माझी आई आठवली होती.

आमच्या कळशा मातीच्या होत्या, दोन कानांच्या, उंच. एकदम कढत पाणी पडलं की तडकायच्या. म्हणून मॅडमचा नियम होता, आधी गार भरायचं, मग त्यावर ऊन. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. मयताची आंघोळ, असं नकुशी माझ्या कानात पुटपुटली. पण मॅडमना सांगणार कोण? लांबून गाडी करून आलेल्या पाहुण्यांच्या अंगावर तुम्ही काय ओतायला सांगताय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मग आम्ही चोरून आपल्याच पद्धतीनं पाणी काढायला लागलो, आधी ऊन. एक दिवस नकुशीच्या हातात कळशी फुटली. त्यानंतर मॅडम समोर उभ्या राहून पाणी भरून घ्यायच्या. हळूहळू हाताला तेच वळण लागलं. नकुशी म्हणाली, पुण्याच्या माणसांना न्हाई लागत असलं काई. आणि खरंच, पाहुण्यांना काही झालं नाही. ती माणसं गुलाबी होऊन गाडीत बसायची.

ज्यांना लागलं ती माणसं वेगळी होती.

माझी आई, रतनबाई, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. जन्मभर खुटबावच्या गुऱ्हाळांवर राबली. एकदा काहिलीची तापलेली कड लागून तिच्या डाव्या खांद्याखाली वाकडा डाग पडला होता. दिवाळीत तिला उटणं लावताना मी त्या डागावरून हळूच बोट फिरवायची. ती गेली तेव्हा मीही तापानं घरात पडून होते. तिला पिशवीत बांधून परस्पर नेलं. माझा भाऊ गोकुळ लांब उभा राहून बघत होता. रात्री त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “ताई, आईला पाणी पडलं न्हाई गं.” पुढचं सगळं आम्ही केलं, दहावा केला, तेरावा केला. पण ते वाक्य तसंच राहिलं. बाळंतपणाला मला माहेर नव्हतं, तेव्हा ते पुन्हा वर आलं. अक्षदाला पहिली आंघोळ माझ्या सासूबाईंनी घातली. प्रेमानंच घातली.

अक्षदा सहा महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा कामावर गेले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई त्यांचं नाव, तिला घेऊन उसाच्या बांधानं रिसॉर्टच्या मागच्या फाटकाशी यायच्या. मी तिला पाजून परत जायची. तेवढ्या वेळासाठी मी सकाळपासून जगत असायची. त्याआधी हॉल पुसून दुपारच्या पाहुण्यांसाठी एक कळशी भरून ठेवायची, एवढंच काम उरायचं.

भर दुपारी त्या घुमटाच्या भोकातून उन्हाचा खांब सरळ खाली येतो. टब कोरडे, कुणी नाही. एके दिवशी मी कळशीत गार घेतलं, वर ऊन ओतलं आणि वळले, तर भिंतीकडे तोंड करून एका टबात एक बाई बसलेली. मला वाटलं, कुणी पाहुणी लवकर आली. मी कमरेला ओढणी खोचली.

“घाल की गं बाय,” ती म्हणाली.

पाहुण्या असं बोलत नाहीत. मी तरी कळशी उचलली. तिच्या हातावर चिकटपट्टी काढल्यावर राहतो तसा चौकोनी डाग होता आणि केसांना दवाखान्याच्या स्पिरिटचा वास. पाणी कढत होतं, पण तिच्या अंगावर पडल्यावर वाफ निघाली नाही. कळशी संपली तेव्हा तिनं श्वास सोडला, रानातून येऊन चपला काढताना बायका सोडतात तसा. मी टॉवेल घ्यायला वळले. परत बघितलं तर टब रिकामा होता. कोरडा. मी ओतलेलं पाणी मोरीच्या जाळीपर्यंत गेल्याचीही खूण नव्हती.

मॅडमना विचारलं, दुपारी कुणाची वेळ होती का. त्या म्हणाल्या, अजिबात नाही, आणि मला पाणी पीत जा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी आली. मग आणखी कुणी. कधी म्हातारी पाठ, कधी अगदी कोवळी. त्या कधी मागे वळायच्या नाहीत, मीही पुढे जायची नाही. ज्या दिवशी मी भीतीनं आधी ऊन घेतलं, त्या दिवशी कुणी आलं नाही. ज्या दिवशी आधी गार घेतलं, त्या दिवशी आली. तेव्हा मला उमगलं. कोरोनाच्या त्या वर्षी ज्यांना पाणी पडलं नव्हतं, त्यांच्यासाठी मी नकळत त्यांची कळशी भरून ठेवत होते, आणि त्यांना ती दिसत होती.

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण माझ्या मनात एकच आलं. ह्या जर येतात, तर आईही येईल.

मयताला आंघोळ घातली, की घालणाऱ्यानं डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नाही, लेकराला हात लावायचा नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण सुट्टी एवढीशी. फाटकाशी अक्षदा भुकेनं रडत असायची, दूध माझ्या कपड्यांतून वाहत असायचं. मी हात साबणानं धुवायची आणि धावायची.

पहिल्यांदा तिचे पाय गार लागले. उन्हाळा तापलेला, आणि तळवे विहिरीतून काढल्यासारखे. मग ती पिता पिता थांबून माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. हसायची नाही, घाबरायची नाही. ओळखीचं माणूस जवळ येताना बघावं तसं बघायची. संध्याकाळी तिला न्हाऊ घालताना घर डोक्यावर घ्यायची पोर, ती आता गप्प पडून राहायची, आणि कितीही कढत पाणी घेतलं तरी तिच्या अंगाला लागेपर्यंत ते निवलेलं असायचं. वजन उतरलं. सुदर्शननं, माझ्या नवऱ्यानं, कंपनीतून सुट्टी टाकून तिला शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

सापडलं ते आत्यांना. एकदा फाटकाशी माझ्या हातात लेक देताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

“तू कुणाला न्हाऊ घालून येतीस गं?”

मी म्हणाले, पाहुण्यांना.

“पाव्हण्यांना घालून लेकराचे पाय असं गार पडत न्हाईत, ऋतिका.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. उद्यापासून काम सोड, असंही म्हणाल्या नाहीत. फक्त पोरीला माझ्याकडे देताना पहिल्यांदाच त्यांचा हात अडखळला, आणि ते मला कुठल्याही शिवीपेक्षा लागलं. त्या रात्री अक्षदाला छातीशी धरून मी ठरवलं, की सोडायचं. कोण येतंय, कोण नाही, ते माझं काम नव्हे. माझं काम ही.

पण आईचं तोंडही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी स्वतःशी म्हणाले, आणखी एकदाच.

मंगळवारी पाहुण्यांना हॉल बंद असतो, आम्ही नुसती साफसफाई करून दुपारी सुटतो. मॅडम पुण्याला गेल्या होत्या. आत्यांना कुणाच्या तरी सावडायला जायचं होतं, तिथं लेकरू नको म्हणून त्यांनी अक्षदाला फाटकाशी माझ्याकडे दिलं, पुन्हा पुन्हा मागे बघत गेल्या. मी तिला ओढणीनं पोटाशी बांधलं. खरं तर तिला घेऊन सरळ घरी जायचं होतं. हॉलचं दार उघडं होतं. उन्हाचा खांब मधोमध उभा होता.

मी कळशीत गार घेतलं. वर ऊन ओतलं.

वळले तर टबात पाठ होती आणि डाव्या खांद्याखाली वाकडा डाग.

“आई,” मी म्हणाले.

ती वळली नाही. “घाल,” ती म्हणाली. आवाज तोच होता, थोडा बसलेला. शेवटी फोनवर होता तसा.

मी खांद्यांवरून पाणी घातलं. पितळी पट्टी तिथंच टांगलेली होती, मी ती घेतली नाही, हातानंच पाठ चोळली. दिवाळीत चोळायची तशी. नदीच्या तळच्या दगडासारखी गार पाठ. पण स्पिरिटचा वास नव्हता तिला, कढलेल्या रसाचा होता. मी डागावरून बोट फिरवलं आणि मला रडू फुटलं. मी बोलत सुटले. गोकुळला पोरगा झाला, आपली शेळी विकली, मला नळावर बायका काय म्हणाल्या, काहीही. ती ऐकत होती. ऐकताना तिची मान थोडी तिरकी व्हायची, तशीच झाली होती.

मग मी म्हणाले, “आई, ही अक्षदा. तुझी नात. बघ ना.”

खांदा जरासा वळला. आणि तिथंच थांबला.

“न्हाई बघायची.”

“एकदाच बघ.”

“मी बघितलं की ती माझ्या मागं यील, पोरी.”

मी तेव्हा खाली बघितलं. अक्षदा रडत नव्हती. तिचे ओठ जांभळे पडले होते. ती हॉलभर बघत होती, एका टबाकडून दुसऱ्या टबाकडे, आणि प्रत्येकाकडे हात पुढं करत होती, उचलून घे म्हणून करते तसा. टबांतून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. सगळ्या टबांतून. डोळ्यांच्या कडेला मला ओले केस दिसले, खांदे दिसले. ह्या वेळी त्या पाठमोऱ्या नव्हत्या.

“तिकडं बघू नगं,” आई म्हणाली. “त्या वाईट न्हाईत. पन तू त्यास्नी न्हाऊ घातलंस, आता त्यांला वाटतंय तू त्यांची हायस. तुझं लेकरूबी त्यांचंच.”

ओढणीच्या आत अक्षदा दगडासारखी जड आणि गार झाली होती.

“कळशीत पानी हाय का?”

होतं. डोक्यावर घालायचं राखून ठेवलं होतं. शेवटचं पाणी डोक्यावर घालतात, मग ती आंघोळ पुरी होते.

“ते तिच्यावरनं ववाळ आन् मोरीत टाक.”

मला कळलं ती काय सांगतेय. लेकराला न्हाऊ घातल्यावर शेवटचा तांब्या त्याच्यावरून ओवाळून टाकतात, त्याला लागलेलं सगळं त्या पाण्याबरोबर जातं. दोन्हीला पाणी एकच होतं.

“तुझं डोकं राहिलंय, आई.”

“ऱ्हाऊ दे.”

“मग तू...”

“ऱ्हाऊ दे म्हनलं ना.” हा आवाज मात्र अगदी जिवंत होता. चुलीपुढं बसून दटावायची, तो. मग ती हळू म्हणाली, “आन् पुन्यांदा आधी गार घिऊ नगंस. कुनासाठीबी न्हाई. माझ्यासाठीबी न्हाई.”

मी कळशी अक्षदावरून ओवाळली. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. उरलेलं सगळं मी जाळीत ओतलं. पाणी गेल्याचा आवाज झाला, भर दुपारी त्या हॉलमध्ये तो पहिल्यांदाच झाला, आणि लगोलग अक्षदानं टाहो फोडला. घुमटात तो असा फिरला, की ठिबकणं ऐकू येईना. तिचं तोंड लाल झालं, तळवे माझ्या पोटाला लागले ते ऊन लागले.

मी दाराकडे चालत गेले. मागे बघितलं नाही. मागे कुणी उठल्याचा आवाज आला नाही, जाते म्हणाल्याचाही नाही.

त्या दिवसापासून मी लुत्रात गेले नाही. नकुशीला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. तिनं मॅडमकडून मातीच्या जागी पितळी कळशा मागून घेतल्या, फुटायला नकोत म्हणून. आता तिथं सगळ्या आधी ऊन घेतात. आत्यांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी त्या संध्याकाळी माझं मनगट धरून बघितलं आणि अक्षदाची दृष्ट काढून तिला माझ्या मांडीवर दिलं. त्यांचा हात अडखळला नाही.

अक्षदा आता दीड वर्षाची आहे. अंगानं भरली आहे, ओरडून ओरडून आंघोळ करते. तिला एक चिंध्यांची बाहुली आहे, माझ्याच जुन्या साडीची. काल तिला न्हाऊ घालायचं म्हणून मी मोरीत दोन्ही बादल्या ठेवल्या आणि टॉवेल आणायला गेले. परत आले तर ती बाहुलीला न्हाऊ घालत होती. बाहुली भिंतीकडे तोंड करून बसवलेली. अक्षदानं प्लास्टिकचा मग गार पाण्यात बुडवला, अर्धा भरला. नंतर तोच मग ऊन पाण्याच्या बादलीत तिरका धरून वरचं भरलं. अगदी जपून, जीभ बाहेर काढून.

आणि बाहुलीच्या अंगावर नाही, खांद्यावर नाही, नुसत्या डोक्यावर धरला.

खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं वाटलं, ओतू दे. एकच मग. कुणाला कळणार आहे? एवढंच तर राहिलंय तिचं.

मी तिच्या हातातून तो मग घेतला आणि मोरीत लवंडला. रागावले नाही. पुन्हा आधी ऊन घेतलं, त्यात विसण घातलं, तिचा चिमुकला हात हातात धरून घातलं, म्हणजे हाताच्या लक्षात राहावं. ती रडली नाही. ती माझ्या खांद्यावरून मोरीच्या दाराकडे बघत होती, मान थोडी तिरकी करून.

मी वळून बघितलं नाही. तिला पाटावर बसवलं, माझी पाठ दाराकडे केली आणि तिच्यावर पाणी घालायला लागले.